पेरणीआधी पैसे पाठवायची तयारी: कोणत्या वाटेने किती कापले जातात

मृग लागला की गावातला पैसा बाहेर जायला लागतो. कृषी केंद्राचं बियाणं-खत, ट्रॅक्टरवाल्याचं भाडं, नागपूर-पुण्याला शिकणाऱ्या पोराची खोली, सगळं एकाच पंधरवड्यात येतं. म्हणून ही तयारी मे महिन्यातच, बँकेत गर्दी नसताना उरकावी.

वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडा: कोणाला, किती, कधीपर्यंत. तिसरा रकाना विचार करून भरा. दुकानदार माल देण्यासाठी पैशाची वाट बघत असेल तर ते ‘लगेच’. खोलीभाडं पाच तारखेच्या आत पोचलं की झालं. शुल्काचा अर्धा फरक या रकान्यातच ठरतो.

मग पासबुक उघडून खात्याचा प्रकार बघा. बचत खात्यावरून मोबाइल किंवा नेटबँकिंगने केलेल्या एनईएफटीला (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत खेपेखेपेने पैसे पाठवायची वाट) १ जानेवारी २०२० पासून बँकेला शुल्क लावता येत नाही. चालू खात्याला ही सवलत नाही, म्हणून दुकान चालू खात्यावर चालवणाऱ्याने आपला दर वेगळा विचारावा. जनधनचं खातं पूर्ण केवायसी (ओळखीच्या कागदपत्रांची पडताळणी) न करता उघडलेलं ‘छोटं खातं’ असेल, तर त्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. कापसाचा चुकारा अशा खात्यावर मागवलात की अडकलाच. आधार आणि पॅन घेऊन केवायसी आधी पूर्ण करून घ्या.

आता शुल्काचा तक्ता. तो बँकेच्या संकेतस्थळावर असतो, शाखेतही मागता येतो. त्यात आयएमपीएसची (खात्यातून खात्यात लगेच पैसे पोचवणारी वाट) ओळ शोधा आणि तीन गोष्टी उतरवून घ्या: रकमेचे टप्पे, मोबाइलवरचा आणि शाखेतला वेगवेगळा दर, आणि जीएसटी धरलाय की वेगळा. १८ टक्के जीएसटी बहुधा वेगळाच असतो. उदाहरणादाखल, स्टेट बँकेने १५ ऑगस्ट २०२५ पासून ऑनलाइन आयएमपीएसला २५ हजारांपर्यंत शून्य, १ लाखापर्यंत २ रुपये, २ लाखांपर्यंत ६ आणि ५ लाखांपर्यंत १० रुपये असा दर लावला. म्हणजे ४० हजार पाठवले तर जीएसटीसह २ रुपये ३६ पैसे. हे दर बदलत राहतात, म्हणून वहीत दरासोबत तारीखही लिहा. आणि दोन-अडीच रुपये वाचवायला ४० हजारांचे दोन तुकडे करू नका. एक तुकडा अडकला तर त्याच्या फोनाफोनीतच जास्त जातील.

एनईएफटी दिवसरात्र, सुटीच्या दिवशीही चालते, पण दर अर्ध्या तासाच्या खेपेने. त्यामुळे तिसऱ्या रकान्यात ‘लगेच’ नसेल तिथे बचत खात्यावरून फुकटची एनईएफटीच घ्यावी. यूपीआयने माणसाकडून माणसाला पाठवायला काही लागत नाही, मात्र दिवसाला साधारण १ लाखाची मर्यादा असते. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास फक्त ५ हजार जातात. बियाण्याच्या आदल्या दिवशी फोन बदलणारे इथेच फसतात.

शाखेत जाऊन एनईएफटी केली तर बँक जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत २ रुपये ५० पैसे, १ लाखापर्यंत ५, २ लाखांपर्यंत १५ आणि त्यावर २५ रुपये घेऊ शकते, अधिक जीएसटी. आरटीजीएस, म्हणजे मोठ्या रकमेची वाट, २ लाखांपासून सुरू होते. शाखेत ५ लाखांपर्यंत २४ रुपये ५० पैसे, त्यावर ४९ रुपये ५० पैसे ही कमाल. पैसे घेणाऱ्याकडून या दोन्हींसाठी काही कापायचं नसतं.

खरा खर्च आहे तो चौकातल्या पैसे पाठवून देणाऱ्या केंद्रावर रोख देऊन पाठवण्यात. बहुतेक ठिकाणी शेकडा एक रुपया घेतात. २० हजारांना २०० रुपये, तेच शाखेतून ५ रुपये ९० पैसे. शाखा १५ किलोमीटरवर असेल तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळवून बघा. २ हजारांसाठी केंद्र परवडतं, २० हजारांसाठी नाही. केंद्रवाला मोठी रक्कम ५-५ हजारांच्या तुकड्यांत पाठवतो, तेव्हा प्रत्येक तुकड्याची पावती घ्या.

पैसे घेणाऱ्याचं खातं आधीच जोडून ठेवा, कारण बऱ्याच बँका नव्या खात्यावर पहिल्या दिवशी कमीच रक्कम जाऊ देतात. आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, ११ अक्षरांचा; पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. खाते क्रमांक ओटीपी टाकण्याआधी पासबुकावरून पुन्हा वाचा: रक्कम जाते ती खाते क्रमांकावर, नाव जुळलं नाही म्हणून थांबत नाही. अॅपमध्ये खातेदाराचं नाव दाखवायची सोय असेल तर ते बघूनच पुढे जा. गावात रेंज नीट नसेल तर ओटीपी वेळेत येत नाही. रेंज असलेल्या जागी उभं राहून सुरुवात करा.

खात्यातून कापले आणि समोर पोचले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आयएमपीएस किंवा यूपीआयचे अडकलेले पैसे पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. १२ अंकी संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम वहीत टिपून बँकेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याच्या माहितीसाठी क्रमांक १४४४८. कोणी फसवून पैसे वळवले असतील तर मात्र वाट न बघता १९३० या क्रमांकावर फोन करा.