सीमाभागातून विज्ञान ऑलिंपियाडची तयारी कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा बिदरच्या शाळांमध्ये ऑलिंपियाडचा विषय निघाला की पालकांसमोर बहुधा खासगी संस्थांच्या, शुल्क भरून द्यायच्या परीक्षा येतात. सरावासाठी त्या द्यायला हरकत नाही, परंतु आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धांसाठी भारताचा संघ त्यांतून निवडला जात नाही. संघनिवडीचा पहिला टप्पा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही शिक्षकांची संघटना साधारणतः नोव्हेंबरमध्ये घेते. दुसरा लेखी टप्पा आणि त्यानंतरचे निवड शिबिर ही मुंबईतील मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची जबाबदारी असते. दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी एनएसईजेएस ही कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा आहे, तर पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांच्या स्वतंत्र परीक्षा देता येतात. नोंदणी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच होत असल्याने आणि वयाची अट जन्मतारखेवरून ठरत असल्याने, त्या वर्षीचे माहितीपत्रक शाळा सुरू होताच शोधायला लागावे.

अभ्यासाचा पाया शाळेच्या पुस्तकातच आहे. कर्नाटकातील नववी-दहावीचे विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीवर असल्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने आपला अभ्यासक्रम अपुरा आहे अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मात्र जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना इंग्रजी संज्ञांशी गाठ पडतेच. म्हणून प्रत्येक धड्यातील मराठी संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहिलेली एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. महागडी मार्गदर्शके घेण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. दुसऱ्या टप्प्याच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर उत्तरांसह विनामूल्य मिळतात आणि माझ्या मते त्यांच्याइतके चांगले साहित्य दुसरे नाही.

या परीक्षेत पाठांतराचा उपयोग मर्यादित असतो, कारण ओळखीचे तत्त्व अनोळखी परिस्थितीत लावता येते का, हेच तिथे पाहिले जाते. तो सराव आपल्या परिसरातूनच सुरू करता येतो. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळतो. हवेचा विरोध नाही असे मानले, तर तळाशी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर येतो, आणि ही सगळी ऊर्जा पाण्यातच उष्णतेच्या रूपाने राहिली असे धरले, तर तापमान जेमतेम ०.१२ अंश सेल्सिअसने वाढते. इथवरचे गणित दहावीचा विद्यार्थीही करू शकतो, पण ऑलिंपियाडची तयारी त्यानंतरच्या प्रश्नांनी सुरू होते. पाण्याचे वस्तुमान उत्तरातून का निघून गेले? पाणी तुषारांत फुटल्यावर हवेचा विरोध नगण्य मानता येईल का? बाष्पीभवनामुळे पाणी उलट थंड होईल का? साधा तापमापक हा फरक दाखवू शकेल का? एका उदाहरणावर असे दोन तास घालवणे हे पन्नास उदाहरणे घाईने उरकण्यापेक्षा कितीतरी अधिक फळ देते, असे मला ठामपणे वाटते.

चर्चेसाठी तीन-चार जणांचा गट पुरेसा होतो, पण एक नियम कटाक्षाने पाळावा: प्रत्येकाने प्रश्न आधी एकट्याने सोडवून, कारणांसह उत्तर लिहूनच गटात बसावे. अन्यथा सर्वांत वेगवान मुलाचे उत्तर इतर जण उतरवून घेतात आणि चर्चा तिथेच संपते. ज्याचे उत्तर चुकले आहे, त्याला आधी बोलू द्यावे, कारण चूक नेमकी कोणत्या गृहीतकात शिरली ते त्याच्या मांडणीतूनच सर्वांना कळते.

गट दूरच्या गावांतही विखुरलेला असू शकतो आणि त्याचा फायदाही करून घेता येतो. बेळगावचा अक्षांश सुमारे १५.९ अंश आणि बिदरचा सुमारे १७.९ अंश आहे. दोन्ही ठिकाणच्या मुलांनी एकाच दिवशी उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली मोजली, तर काठीची उंची आणि सावलीची लांबी यांवरून मिळणाऱ्या दोन्हीकडच्या सूर्यकोनांतील फरक आणि नकाशावरून काढलेले सुमारे २३० किलोमीटरचे दक्षिणोत्तर अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. बिदर पूर्वेला असल्याने तिथली माध्यान्ह बेळगावच्या सुमारे १२ मिनिटे आधी येते, म्हणून घड्याळाची एकच वेळ दोन्हीकडे लावू नये. कोनांच्या फरकात अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी उत्तर सुमारे चौथ्या हिश्श्याने बिघडते, आणि ही चूक कमी कशी करावी यावरची चर्चा हाच या प्रयोगाचा खरा गाभा आहे. आपल्याकडील पावसाळा पाहता हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे.

आता पहिल्या टप्प्याच्या प्रश्नपत्रिकेविषयी. अलीकडच्या स्वरूपात दोन तासांत ६० प्रश्न आणि एकूण २१६ गुण असतात. पहिल्या ४८ प्रश्नांत एकच पर्याय बरोबर असतो. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला, तर सरासरी लाभ शून्य असतो, परंतु एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर तो प्रत्येक प्रश्नामागे एक तृतीयांश गुण होतो आणि दोन बाद केले, तर पूर्ण एक गुण. म्हणून पर्याय बाद करण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा. उरलेल्या १२ प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि प्रत्येकाला ६ गुण असतात, पण सगळे बरोबर पर्याय निवडले तरच. येथे गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.

परीक्षेनंतर पात्रतेची सीमा किती लागेल या अंदाजांत मुलांचे कित्येक दिवस वाया जातात. त्याऐवजी त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, अडलेले प्रश्न गटात पुन्हा सोडवावेत. तात्पुरती उत्तरसूची आली की ती आपल्या मांडणीशी ताडून पाहावी, आणि एखादे उत्तर खरोखरच चुकीचे वाटले, तर दिलेल्या मुदतीत पुराव्यासह आक्षेप नोंदवावा. दुसऱ्या टप्प्यात पायऱ्यापायऱ्यांनी सविस्तर उत्तरे लिहावी लागतात, त्यामुळे निकालाची वाट न पाहता नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच रोज एक प्रश्न आकृती, गृहीतके आणि एककांसह पूर्ण लिहून काढावा आणि तो शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून किंवा बाईंकडून तपासून घ्यावा.