हस्तलिखित देण्याआधी प्रकाशकाची पुस्तकं हातात घ्या

अनोळखी छोट्या प्रकाशकाचा ‘तुमचा कथासंग्रह काढू’ असा निरोप आला, की आधी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, चक्कर मारा. दोन-तीन दुकानांत त्या प्रकाशनाची पुस्तकं मागा. नियमित पुस्तकं कोण पुरवतं, हे विक्रेत्यांना ठाऊक असतं. पुस्तक मिळालं तर बांधणी बघा, चार पानं वाचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ढिगानं असतील, तर तुमच्या पुस्तकाचंही तेच होणार. मग त्यांच्या एखाद्या लेखकाला गाठून सरळ विचारा: किती प्रती छापल्या, विक्रीचा हिशेब दिला का, मानधन हाती आलं का? माझ्या मते ही विचारपूस बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा मोलाची आहे.

आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाच्या, नावाखाली मोठी रक्कम मागितली तर सावध व्हा. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक मोफत देते, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. शिवाय क्रमांक आहे म्हणून प्रकाशक चांगला, असंही नाही.

स्वतः पैसे घालून पुस्तक काढण्यात गैर काही नाही. फक्त रक्कम, प्रती आणि वितरण कोण करणार, हे कागदावर हवं.

करार घरी आणून सावकाश वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कलम दिसलं तर ते बदलून मिळेपर्यंत सही करू नका. अनुवाद, ई-बुक आणि ऑडिओबुकचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या.