पक्ष बदललेल्या नेत्याची कारकीर्द कशी लिहावी : छगन भुजबळ यांच्या उदाहरणासह

पक्षांतर केलेल्या नेत्याविषयी लिहिताना निष्ठा आणि गद्दारी हे शब्द प्रथम बाजूला ठेवावेत व पक्ष सोडला त्या दिवशीचा कायदा आणि सभागृहातील संख्याबळ समोर घ्यावे. छगन भुजबळ यांची कारकीर्द या सरावासाठी उत्तम आहे, कारण तिच्यातील तिन्ही वळणे कायदेशीर दृष्ट्या वेगवेगळ्या जातीची आहेत.

डिसेंबर 1991 मध्ये शिवसेना सोडताना भुजबळ यांनी 18 आमदारांचा गट दाखवला. हा आकडा सहज आलेला नाही. 1990 च्या निवडणुकीत शिवसेनेचे 52 आमदार निवडून आले होते आणि राज्यघटनेच्या तेव्हाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, एक तृतीयांश सदस्य फुटल्यास अपात्रता लागू होत नसे. 52 चा तिसरा हिस्सा सतराच्या थोडा वर जातो, म्हणून अठरावी सही निर्णायक होती. यांतील काही आमदार लवकरच स्वगृही परतले, तरी विधानसभा अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांनी फूट मान्य केली, भुजबळ काँग्रेसमध्ये गेले आणि विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांच्याकडून भाजपच्या गोपीनाथ मुंडे यांच्याकडे आले. ही एक तृतीयांशाची वाट 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने बंद केली, त्यामुळे आजच्या नियमांनी 1991 चा प्रसंग तोलू नये.

कारण नोंदवताना नेत्याचे स्वतःचे स्पष्टीकरण आणि विरोधकांचे स्पष्टीकरण शेजारी शेजारी मांडावे. भुजबळ इतर मागासवर्गीयांना आरक्षण सुचवणाऱ्या मंडल आयोगाला शिवसेनेने केलेल्या विरोधाकडे बोट दाखवतात. इतर जण विरोधी पक्षनेतेपद जोशींना मिळाल्याची नाराजी सांगतात. माझ्या मते यांतील एकच निवडण्याची घाई करू नये, कारण दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

त्यानंतर मतदारसंघ तपासावा, कारण पक्षांतराची किंमत तेथे दिसते. 1995 मध्ये मुंबईतील माझगावात शिवसेनेच्या बाळा नांदगावकर यांनी भुजबळांचा पराभव केला. पुढे भुजबळ विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले खरे, परंतु 2004 पासून त्यांचा विधानसभेचा मार्ग मुंबईतून नव्हे तर नाशिक जिल्ह्यातील येवल्यातून जातो. मुंबईचा माजी महापौर येवल्यात का स्थिरावला, या प्रश्नावर एक पूर्ण प्रकरण खर्च करावे. इतर मागासवर्गीयांचे राजकारण तेथूनच नीट समजते.

1999 चे वळण थोडक्यात आटोपले तरी चालेल, कारण शरद पवारांच्या नव्या राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये जाऊन उपमुख्यमंत्री होणे हा काँग्रेसमधील मोठ्या फुटीचा भाग होता. 2 जुलै 2023 रोजी अजित पवारांबरोबर घेतलेली मंत्रिपदाची शपथ मात्र सविस्तर लिहावी. या वेळी पक्ष सोडल्याचे कोणी म्हटलेच नाही, उलट पक्ष आपलाच असल्याचा दावा केला गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगाने नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार गटाला दिले.

न्यायालयीन बाबतीत प्रत्येक टप्पा तारखेसह वेगळा नोंदवावा. आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपावरून मार्च 2016 मध्ये झालेली अटक, मे 2018 मधील जामीन आणि दिल्लीतील महाराष्ट्र सदनाच्या बांधकामातील कथित गैरव्यवहाराच्या प्रकरणात सप्टेंबर 2021 मध्ये विशेष न्यायालयाने केलेली आरोपमुक्ती या तीन घटना आहेत. 2023 च्या निर्णयाशी त्यांचा संबंध जोडायचा असेल, तर तो कोणी जोडला आहे हे त्याच वाक्यात लिहावे.