बास बोट स्पीडला डुलायला लागली तर
अमेरिकेतल्या गंटर्सव्हिल लेकसारख्या मोकळ्या पाण्यावर बास बोट (बास मासे पकडायची वेगवान मोटरबोट) ताशी ६५-७० मैलांना नेली की कधीकधी डावी-उजवीकडे डुलायला लागते, याला चाइन वॉक म्हणतात, कारण तेव्हा सगळी बोट तळाच्या मागच्या छोट्याशा सपाट पट्टीवर, म्हणजे पॅडवर, तोललेली असते आणि डुलणं वाढतच जातं. घाबरून थ्रॉटल एकदम सोडू नका, नाक खाली आपटून बोट गर्रकन फिरू शकते! हळूहळू कमी करा, ट्रिम (मोटरचा तिरकेपणा) थोडा आत घ्या. स्टीयरिंग जोरात इकडेतिकडे फिरवू नका, डुलण्याच्या मानाने हात उशिराच पोचतो. आणि निघायच्या आधीच बघा, चाक हलवलं की मोटर लगेच हलते का, जरा ढिलं असेल तर बरेचदा तिथेच घोळ असतो. किल स्विचची, म्हणजे चालक पडला तर मोटर बंद करणाऱ्या स्विचची, दोरी अंगाला लावाच, अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना २०२१ पासून तसा कायदाच आहे.