‘बाई कुठं शेतकरी असते?’ : गावच्या बैठकीत हा समज कसा हलवावा

कापसाच्या पट्ट्यात ‘शेतकरी’ म्हटलं की पाठीवर फवारणीचा पंप अडकवलेला गडी डोळ्यापुढं येतो. त्याच वावरात वाकून निंदणारी बाई मजूर असते, नाहीतर ‘त्याची घरची’. हा समज बोलून हलवता येतो. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत बचत गटाच्या निमित्तानं मी सतरा वर्षं हे काम करतेय, त्यातली पहिली पाच वर्षं चुकीचं करत होते. कोणी सांगतं आकडे सांगा, कोणी सांगतं पोस्टर लावा, पथनाट्य करा. हे सांगणाऱ्यांपैकी किती जण रात्री नऊ वाजता मारुतीच्या ओट्यावर तीसेक बाप्यांसमोर बसलेत, मला शंका आहे.

वेळ आणि जागा

मृगाच्या तोंडावर नको, वेचणीत नको. होळी ते अखजी (अक्षय्य तृतीया) हा काळ बरा. जेवणं आटोपल्यावर, देवळाच्या ओट्यावर, माईकशिवाय. पुरुष हवेतच. नुसत्या बायकांना समाजमंदिरात बसवून त्यांनाच ‘तुम्ही शेतकरी आहात’ म्हणून सांगणं म्हणजे कासवाला पोहायला शिकवणं.

कोणते शब्द घरी ठेवून यायचे

‘सक्षमीकरण’ म्हटलं की पोरं मोबाईल काढतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल महिला शेतकऱ्यांचं म्हणून जाहीर केलंय, पण ओट्यावर ते सांगून एक मान हलत नाही. आकड्यांचं तर विचारूच नका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे जमीन कसणारे म्हणून ज्यांची नोंद होते त्यांच्यात, बायका सुमारे १४ टक्के निघाल्या. केवढा अन्याय, अशा सुरात मी हा आकडा एका गावात सांगितला. मागून आवाज आला, “मंग शंभरातले शहाऐंशी तं माणसंच हाये न मॅडम!” बैठक तिथंच संपली. आकडा माझा होता, कामी त्याच्या आला.

‘नाही’नं सुरू होणारी वाक्यंही टाळा. ‘बाई कमजोर नसते’, ‘बाईला शेतीतलं कळत नाही असं नाही’. ऐकणाऱ्याच्या कानात ‘बाई’ आणि ‘कमजोर’ एवढंच उरतं, तुमचा नकार ओट्याखाली पडतो. जो समज मोडायचाय तो तुमच्या तोंडून एकदाही येऊ देऊ नका. त्यांच्या तोंडून आला तर येऊ द्या.

आणि हार घालणारे शब्दही नकोत. रणरागिणी, वाघीण, अन्नपूर्णा. हे माझं म्हणणं काहींना पटणार नाही, कारण ‘लक्ष्मी’ या शब्दानं आपल्याकडं मोठं काम करून दाखवलंय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं आणि पुढं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा, आणि ते घरच्या लक्ष्मीचं देणं फेडल्यासारखं. शब्द घरातलाच असल्यामुळं तो माणसाच्या मनात शिरला, गडी तलाठ्याकडं गेले. त्या कामासाठी तो शब्द चोख होता. माझ्या कामाला मात्र चालत नाही. लक्ष्मी घरात बसते. मला तिला वावरात दाखवायचीय, तीही चिखलानं भरलेल्या पायांची.

अडतं ते इथं

आता ज्या टप्प्यावर माझी पाच वर्षं गेली, तो सांगते.

वर्ध्याकडच्या एका गावात मी एका बाईला सोबत घेऊन गेले होते. नवरा गेलेला, पाच एकर एकटी करायची, ट्रॅक्टर स्वतः चालवायची. मी तिची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. सरपंचानं शाल-नारळ दिलं. एक म्हातारे काकाजी उठले आणि डोळे पुसत म्हणाले, “ते बाई नाई जी, मर्दच हाये मर्द!”

मी खूश. परतीच्या एसटीत पुलगाव येईपर्यंत खूश होते. मग लक्षात आलं की त्या काकाजीनं माझं सगळं बोलणं एका वाक्यात परतवलंय. शेती करते म्हणजे ती मर्द, म्हणजे शेती मर्दाचीच. मी गावाला एक अपवाद दाखवला होता, आणि नियम जिथल्या तिथं राहिला होता. वर त्याला शाल-नारळही मिळालं. घरोघरी बाप्यांनी बायकांना ऐकवलं असणार, पाहा, असं असावं लागते, तुह्यानं होते का?

तेव्हापासून माझा पक्का नियम: हिरोईन आणायची नाही. पेपरात फोटो आलेली बाई नको, पुरस्कारवाली नको, ट्रॅक्टरवाली तर अजिबात नको. कोणी आधीच आणून बसवली असेल तर तिला तिच्या यशाचं विचारू नका, नुकसानीचं विचारा. सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा काय केलं? बोंडअळी आली तेव्हा? तिनं सांगितलं की चार बाप्ये आपोआप पुढं सरकतात, “आमचंबी तसंच झालं.” तेवढ्यापुरती ती मर्दही नसते आणि देवीही नसते, शेजारच्या धुऱ्यावरची शेतकरी असते.

बाकी वेळ मी प्रश्न विचारते. प्रश्न विचारायची रीत आपल्या मातीतलीच आहे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. त्यांची नक्कल करू नका. खापर आणि झाडू घेऊन बसलेला एक कार्यकर्ता मी पाहिलाय, लोकांना हसू आवरत नव्हतं. घ्यायचं ते एवढंच: प्रश्न इतका लहान हवा की उत्तर एका शब्दात यावं, आणि इतका खरा हवा की खोटं बोलायला जागा उरू नये.

माझा प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे, कापसाच्या हंगामासारखाच. (पऱ्हाटी म्हणजे कापसाचं पीक, सरकी टोबणं म्हणजे बी लावणं, नांगे म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, डवरा म्हणजे बैलांचं कोळपं, चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे.)

“काकाजी, यंदा पऱ्हाटी किती एकर होती?”
“चार.”
“सरकी कोणी टोबली?”
“बायायनं.”
“नांगे कोणी भरले?”
“थ्यायनंच.”
“निंदण?”
“थ्यायनंच न.”
“डवरा?”
“म्या.” इथं छाती थोडी पुढं येते. येऊ द्या.
“फवारणी?”
“म्या आन् पोट्ट्यानं.”
“पंपात पाणी कोणी आणून टाकलं?”
जरा थांबून, “घरचीनं.”
“वेचणी?”
आता मागचे हसायला लागतात.
“इकाले कोण गेलं?”
“म्या.”
“चुकारा कोणाच्या हातात पडला?”

इथं थांबायचं. हेच सगळ्यात अवघड आहे. जीभ शिवशिवते. ‘मग सांगा, शेतकरी कोण?’ हे वाक्य ओठावर येतं. गिळून टाका. ते तुम्ही बोललात की तो तुमचा मुद्दा होतो, आणि दुसऱ्याच्या मुद्द्याला विरोध करणं हा गावाचा हक्कच आहे. दिव्याभोवतीचे किडे पाहा, मनात वीस आकडे मोजा. मला सुरुवातीला बारापर्यंतही जमायचं नाही. त्या शांततेत कोणीतरी बोलतंच, बहुतेक वेळा त्या काकाजीचा शेजारी. “म्हंजे तू निस्ता चुकाऱ्याचा शेतकरी हायेस गा!” हे वाक्य मी कितीही पाठ केलं असतं तरी मला असं बोलता आलं नसतं, आणि मी बोलले असते तर मार खाल्ला असता.

कधीकधी कोणीच बोलत नाही. मग उठायचं, रामराम करायचा, घरी जायचं. एका गावात मला तिसऱ्या बैठकीपर्यंत वाट पाहावी लागली.

प्रश्न कोणाला विचारायचा, हेही आधीच हेरून ठेवा. सरपंचाला नाही, प्यालेल्याला नाही, सालदार ठेवून शेती करणाऱ्याला नाही. जो स्वतः डवऱ्यामागं चालतो त्यालाच विचारा, कारण त्याला कामाची किंमत कळते. आणि त्याची बायको समोरच्या रांगेत नको. माझी एकदा ती चूक झाली. हसले सगळे, पण नंतर तिला घरी काय ऐकावं लागलं ते मला तिच्या जावेनं सांगितलं. त्या गावात मी दोन वर्षं गेले नाही, जायला तोंड नव्हतं.

म्हणून पहिला हशा मी माझ्यावर घेते. प्रश्न सुरू करायच्या आधी एक कबुली देते: बचत गटाचे अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात मी चाळीस बायकांपुढं ‘गृहिणी’ लिहून मोकळी झाले होते. एकीलाही न विचारता. त्यातल्या निम्म्या त्या दिवशी निंदणातून उठून आल्या होत्या, अंगठ्याच्या ठशात मातीच होती. शिकलेल्या मॅडमचीच अशी गत, म्हटल्यावर ओट्यावरचं वातावरण सैल होतं.

आडवं बोलणारा

प्रत्येक गावात एक असतोच. “फवारनी जमते का बाईले?” त्याच्याशी ‘जमते’ म्हणून भांडू नका. मी विचारते, २०१७ ला काय झालं होतं? यवतमाळ जिल्ह्यात कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. फवारणीच्या विषानं शेकडो जण दवाखान्यात पडले, अनेक गेले. मग हळू आवाजात विचारते, त्या साली ज्या घरचा गडी दवाखान्यात होता, त्या घरची वेचणी थांबली होती का? हा प्रश्न जपून वापरा. ज्या गावातला कोणी गेला असेल तिथं अजिबात नको.

दारूचा विषय काढू नका. शहरातून आलेल्या मंडळींना वाटतं की ‘विदर्भातला शेतकरी पितो म्हणून बाई राबते’ असं म्हटलं की बायका आपल्या बाजूला येतील. उलट होतं. आपल्या माणसाला परक्यानं दारुडा म्हटलेलं बाईला सहन होत नाही, आणि का व्हावं? तोही एक समजच आहे, फक्त पुण्या-मुंबईचा.

वाटणीचा विषयही त्याच रात्री नको. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरचा हक्क आपल्या राज्यात १९९४ ला आला आणि देशभर २००५ ला. हे सांगायचंच, पण वेगळ्या दिवशी. नाहीतर प्रत्येक भावाला समोर आपली बहीणच बसलेली दिसते आणि शेतकरी कोण हा प्रश्न बाजूला पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी

हा टप्पा सोपा आहे. गटाचे अर्ज घेऊन घरोघरी जा. नाव, वय, गाव भरा आणि ‘व्यवसाय’वर पेन थांबवा. मोठ्यानं विचारा. ती म्हणेल, “लिहा न काईबी.” लिहू नका. पुन्हा विचारा.

राळेगाव तालुक्यातल्या एका म्हातारीनं मला उलट विचारलं, “वावर ज्याच्या नावानं हाये थे लिहा लागते का?” मी म्हटलं, नाही माय, वावरात काम कोण करतं ते लिहायचं. “मंग लिव शेती,” ती म्हणाली. मी लिहिलं. तिनं कागदाकडं पाहिलं, मग ओसरीत तंबाखू मळत बसलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं.

“आन् याच्या नावापुढं काय लिवशील?”

याचं उत्तर मी दिलं नाही. तुम्हीही देऊ नका, पुढच्या घरी जा.