बडोद्यात मंडळाच्या हॉलमधे स्तन तपासणी केंद्र सुरू करायचंय? मग हे वाचा

केंद्र म्हटलं की आधी मशीन डोळ्यासमोर येतं, मग देणगी किती लागेल तो आकडा, आणि विषय तिथेच अडकतो. मशीन लागतच नाही हो. एक खोली, एक कॉट, जाड पडदा, हात धुवायची सोय आणि हाताने तपासायचं नीट ट्रेनिंग घेतलेली बाई, नर्स असली तरी चालते. हे मनचं सांगत नाहीये, टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधे १९९८ पासून दीड लाखावर बायकांचे दोन गट करून अभ्यास केला, एका गटाला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या, आणि २०२१ मधे निकाल छापून आला त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्याहून लहान वयात एवढा फरक दिसला नाही, म्हणून आपलं पहिलं लक्ष आज्या, मावश्या, काकू.

आणि म्हणूनच हळदीकुंकवाला शिबिर लावू नका. बायका आयत्या जमतात हे खरं, पण पन्नाशीपुढच्या कितीतरी जणींचे यजमान गेलेले असतात आणि आपण कितीही या म्हटलं तरी त्या यायला बिचकतात, म्हणजे जिला गरज जास्त तीच घरी. भजनाचा वार धरा नाहीतर भिशीचा. ऑक्टोबर हा जगभर याच आजाराच्या जागृतीचा महिना असतो पण आपल्याकडे तेव्हा गरबा आणि दिवाळीची धावपळ, तुळशीचं लग्न आटोपलं की सुरू करा आणि महिन्यातून एक वार कायमचा ठेवा. मंडप, पाहुणे, बॅनर याच्यावर एक रुपया घालवू नका.

पडदा दाराच्या समोर नको, आडबाजूला. आत फक्त तपासणारी आणि जिची तपासणी ती, फोटो अजिबात नाही. आधी बसवून बघायचं, मग झोपवून, हात डोक्याखाली, मधल्या तीन बोटांचा सपाट भाग गोल गोल फिरवत पूर्ण स्तन, काख आणि गळ्याच्या हाडाच्या वर. गाठ, कातडी आत ओढलेली, निप्पल अचानक आत वळलेलं, रक्ताळ पाणी, यातलं काहीही असलं की पुढे पाठवायचं. "दुखत नाही ना, मग राहू दे" हे दर वेळी ऐकायला मिळेल. तेव्हा शांतपणे सांगायचं, मावशी, न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, आणि बहुतेक गाठी साध्याच निघतात. सोनोग्राफीचं मशीन हॉलमधे आणू असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याची कडक बंधनं आहेत, त्यासाठी सेंटरवरच जायचं.

खरं काम इथून पुढे. चिठ्ठी हातात दिली आणि आपण मोकळे, असं झालं की ती चिठ्ठी देव्हाऱ्यामागे जाते. सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, त्याच्या आधीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, सुईची बायोप्सी म्हणजे गाठीचा नमुना तपासणं, हे बऱ्याचदा खिशातून जातं, वर रिक्षाभाडं आणि बुडालेली रोजी. मंडळाची देणगी इथेच घाला. दोन-चार सेंटरशी बोलून आधीच सवलतीचा दर ठरवा, पैसे थेट तिथे भरा, आणि दर बाईमागे एक सोबतीण नेमा जी हात धरून नेईल आणि रिपोर्ट आणेपर्यंत फोन करत राहील. सुई टोचली की कॅन्सर पसरतो ही भीती घराघरात आहे, ते खरं नाही, सोबतिणीला हे पाठच पाहिजे.

पैसे गोळा करायला संक्रांतीच्या वाणाचे पैसे जरूर मागा, प्लॅस्टिकचे डबे घरात उतू चाललेत. मोठी रक्कम देणाऱ्यांना ८०जी ची पावती लागते, आणि २००० रुपयांवर रोख दिले तर ती करसवलत मिळत नाही म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या. मंडळाकडे ८०जी नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा ट्रस्टबरोबर काम करा. खर्चाचा कागद दर महिन्याला हॉलच्या भिंतीवर लावा, पेशंटची नावं न घालता.

रिपोर्ट वाईट आला तर सयाजी हॉस्पिटल आहेच, आणि वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनी सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे. आयुष्मान कार्ड नसेल तर त्याच आठवड्यात काढायला घ्या. गुजरातमधे पीएमजेएवाय-मा, म्हणजे या कार्डाच्या योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला १० लाख आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, हे आपल्या कितीतरी आज्यांना माहीतच नाही. मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्याला तिकिटात सवलत असते, दवाखान्याकडून त्याचा फॉर्म भरून घ्यायचा.

ऑपरेशननंतर पण सोडू नका. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते, डॉक्टरांनी सांगितलेले हाताचे व्यायाम रोज होतायत का ते सोबतिणीने विचारायचं. आणि स्तन काढला असेल तर ब्लाऊजच्या आत त्या जागी घालायला मऊ सुती कापडाचा, आत कापूस भरलेला भाग मंडळातल्या शिवणाऱ्या जणी सहज करतील. दोन्ही बाजूंची मापं घेऊन जिच्या तिच्या मापाने शिवा, आणि दोन द्या, एक धुवायला टाकला की दुसरा हाताशी.