जुन्या जीपचं स्टिअरिंग सैल झालंय? बॉक्सचा स्क्रू शेवटी आवळा

सीजे ३बीसारख्या जुन्या महिंद्रा जीपचं स्टिअरिंग सैल झालं की पहिला पाना स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या दांड्यांना देणारा गिअरचा डबा) झाकणावरच्या स्क्रूला लागतो. हीच सगळ्यात मोठी चूक. बॉक्सपासून चाकापर्यंत ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅगलिंक (त्याला जोडलेली लांब दांडी), बेलक्रँक (मधला वळता जोड), चाकांकडे जाणारे दोन टायरॉड आणि किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) अशी साखळी आहे. प्ले, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग मोकळं फिरणं, बहुधा या सांध्यांमध्ये थोडा थोडा साठलेला असतो.

आधी प्ले मोजा. चाकं सरळ ठेवा, स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावा आणि पुढचं चाक हलायला लागेपर्यंत कड दोन्ही बाजूंना किती सरकते ते टेपने पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ जास्तीत जास्त ३० अंश प्ले चालवून घेतो. १६ इंची स्टिअरिंगच्या कडेवर तो सुमारे १०६ मिमी भरतो, म्हणजे जवळपास चार इंच! तेवढा होईपर्यंत थांबू नका. २५-३० मिमीच्या पुढे गेला की शोध घ्याच.

चाकं वर उचलून टायरॉड तपासणं ही दुसरी चूक. चाकावर भार नसला की झिजलेला जॉइंटही गप्प बसतो. गाडी जमिनीवरच ठेवा. एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं थोडं हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. एक भाग हलतोय आणि पुढचा उशिरा हलतोय, तिथे प्ले आहे. बेलक्रँकची पिन अनेकदा सैल होते. खरं तर ती आधी बघावी, कारण तिचा प्ले दोन्ही चाकांना लागतो. चॅसिसवर बॉक्सच सरकतोय का, हेही बघा. बोल्ट ढिले किंवा चॅसिसला तडा असेल तर बाकी सगळं नवं घालूनही फरक पडणार नाही.

आता जॅक लावा, खाली स्टँड द्या आणि चाक वरून आणि खालून धरून हलवा. प्ले जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकवर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. इथे घाईत किंगपिन उघडणारे पुष्कळ आहेत. बेअरिंगचं काम सोपं असतं: चाक फिरवत नट जड होईपर्यंत आवळायचा, साधारण एक षष्ठांश फेरा सोडायचा आणि लॉक करायचं. किंगपिन सैल असेल तर शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) कमी करावे लागतात. ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडत असतील तर स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) लावून ती थडथड दाबू नका. किंगपिन झिजतच राहतो.

ड्रॅगलिंकच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून ठेवू नका. तो घट्ट बसेपर्यंत फिरवा, अर्धा ते एक फेरा सोडा आणि नवी स्प्लिट पिन घाला. टायरॉड एंडच्या नटाचं भोक पिनशी जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, सोडू नका. जुना एंड काढताना आटे मोजून ठेवा, नवा तितक्याच आट्यांवर बसवा आणि त्यानंतर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत झुकलीत ते) बघूनच घ्या.

एवढं झाल्यावर बॉक्स. स्टिअरिंग वर-खाली उचललं जात असेल तर झाकणावरचा तोच स्क्रू सोडून आधी वर्मचे (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा आटेदार गिअर) शिम कमी करा. मग चाकं सरळ आणि जमिनीपासून वर ठेवून स्क्रू आवळा. वर्म मध्यावर सगळ्यात जास्त झिजतो, पण मुळात तिथेच तो घट्ट बनवलेला असतो. चाकं वळलेली असताना प्ले काढलात तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अडकेल. वळणानंतर ते आपोआप परत येत नसेल, तर तुम्ही जास्त आवळलंय. चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, कुठेही जड लागता कामा नये.

बॉक्स गळतोय म्हणून त्यात घट्ट ग्रीस भरणं थांबवा. वर्मने बाजूला सारलेलं ग्रीस परत येत नाही आणि धातू कोरडा घासतो. सील बदला आणि नव्वद नंबरचं गिअर ऑईल भरा.

प्ले नसूनही गाडी भरकटत असेल, तर टायरमधली हवा, पाट्याचा (स्प्रिंगचा) तुटलेला सेंटर बोल्ट आणि पाटा ॲक्सलला धरणारे ढिले यू-बोल्ट बघा.